सुळका दुरूनच पाहावा : ज्येष्ठांसाठी कर्नाळ्याची रानवाट

घरातील वडीलधारी व्यक्ती एकदा पडली की त्या घराची भाषाच बदलते. ‘जपून’, ‘थांबा, मी आणून देतो’, ‘कशाला उगाच बाहेर जायचे’ ही वाक्ये दिवसातून दहा वेळा ऐकू येऊ लागतात. त्यामागे निखळ माया असते, यात शंका नाही. पण या मायेच्या कुंपणात आधी बाजार सुटतो, मग देवळापर्यंतची फेरी सुटते, पुढे कोपऱ्यावरच्या बागेतील बाकही सुटतो. अखेर पलंग, खुर्ची आणि न्हाणीघर या तीन बिंदूंमध्ये एका माणसाचे सारे जग सामावून जाते.

पासष्टीनंतर दर तीन-चार व्यक्तींमागे एक जण वर्षातून किमान एकदा पडतो, असे जगभरच्या पाहण्या सांगतात. तेव्हा भीती निराधार नाही. मात्र या भीतीवर घरी बसणे हा उपाय ठरत नाही. पाय वापरात राहिले नाहीत की मांड्यांचे स्नायू झपाट्याने झडतात. स्नायू झडले की तोल सांभाळण्याची शक्ती कमी होते आणि जी व्यक्ती अंगणात पडली होती, ती आता घरातल्या घरात पडते. भीतीने हालचाल थांबते, हालचाल थांबल्याने अशक्तपणा येतो आणि अशक्तपणामुळे पुन्हा पडणे होते. हे चक्र कुठेतरी तोडावे लागते. ते तोडण्याचा एक सुंदर मार्ग गावाजवळच्या एखाद्या लहानशा जंगलातून जातो, असे मला वाटते. आपल्या परंपरेने उतारवयाला ‘वानप्रस्थ’ हे नाव दिले. आजच्या काळात वनात राहायला कोणी जाणार नाही. पण महिन्यातून एकदा वनात जाऊन संध्याकाळच्या आत सुखरूप घरी परतणे अनेकांना शक्य आहे.

लहान असण्याचे मोल

पनवेलहून पेणच्या दिशेने निघाले की सुमारे १२ किलोमीटरवर कर्नाळा पक्षी अभयारण्य लागते. मुंबई-गोवा महामार्ग या रानातूनच जातो. १९६८ मध्ये अभयारण्य घोषित झाले तेव्हा त्याचे क्षेत्र जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर होते. २००३ मध्ये ते वाढून १२.११ चौरस किलोमीटर झाले. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाशी तुलना केली तर हे क्षेत्र त्याच्या साधारण एक-अष्टमांश भरेल. तरीही या इवल्याशा रानात साग, ऐन, जांभूळ, उंबर, आंबा, पांगारा अशा वृक्षांची दाटी आहे आणि स्थानिक व स्थलांतरित मिळून दोनशेच्या आसपास जातींचे पक्षी येथे नोंदले गेले आहेत.

रानाच्या मधोमध कर्नाळ्याचा किल्ला आणि त्याचा प्रसिद्ध सुळका उभा आहे. अंगठा उभारलेल्या मुठीसारखी त्याची आकृती महामार्गावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीची असते. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये हा किल्ला घेतला. पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये पुन्हा स्वराज्यात आला. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव शिरढोण येथून जवळच आहे आणि त्यांचे आजोबा या किल्ल्याचे किल्लेदार होते. असा इतिहास मनात असला की वर जावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु किल्ल्याची वाट चढाची, दगडगोट्यांची आणि उघड्या पडलेल्या मुळांची आहे. तरुणांचीही ती दमछाक करते.

या लेखाचा सारा आग्रह एवढाच आहे की ज्येष्ठांनी हा सुळका दुरूनच पाहावा आणि पायथ्याचे रान मात्र मनसोक्त अनुभवावे. येथे पक्षीनिरीक्षणासाठी ‘हरियाल’ आणि ‘मोरटाका’ अशा दोन निसर्गवाटा आखलेल्या आहेत. त्यांपैकी हरियाल ही तुलनेने लहान आहे. प्रवेशद्वारापासून काही अंतर तर वाट रुंद आणि सोपीच आहे. लहान रानाचा मोठा लाभ असा की आपण कोठेही असलो तरी परतीचे दार फार लांब नसते. ‘जमले तेवढे चालू आणि मागे फिरू’ असे येथे मोकळ्या मनाने म्हणता येते. मोठ्या जंगलात किंवा लांबच्या गडावर ही मुभा मिळत नाही.

रान शरीरासाठी काय करते?

फरशीवर किंवा डांबरी रस्त्यावर चालताना पाऊल दर वेळी एकाच पद्धतीने पडते. रानवाटेवर मात्र एक पाऊल पाचोळ्यावर, दुसरे मातीवर, तिसरे किंचित तिरप्या दगडावर पडते. घोट्याभोवतीचे लहान स्नायू, कंबर, डोळे आणि कानाच्या आतील तोल सांभाळणारी यंत्रणा या सर्वांना एकत्र काम करावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीची हालचाल करावी. त्याशिवाय आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायामही करावेत. सपाट रस्त्यावरच्या फेरीने यातील पहिली गरज भागते. दुसऱ्या गरजेकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते आणि नेमकी तीच गरज खडबडीत वाटेवरचे सावकाश चालणे काही अंशी पूर्ण करते.

मनाचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील संशोधक रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली, असे त्यात आढळले. जपानमध्ये १९८२ पासून ‘शिनरिन-योकू’ म्हणजे वनस्नान या कल्पनेला सरकारी पातळीवर प्रोत्साहन मिळाले. इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकूण १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपले आरोग्य व समाधान चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. वयस्कर आणि जुनाट आजार असलेल्या व्यक्तींमध्येही हाच कल दिसला. ही मिनिटे सलग असोत वा तुकड्यातुकड्याने, परिणामात फरक पडला नाही. ज्यांची प्रकृती चांगली तेच अधिक बाहेर पडतात, हेही येथे ध्यानात ठेवायला हवे. म्हणून रान हे औषधाला पर्याय मानू नये, औषधाच्या सोबतीला ठेवावे.

निघण्यापूर्वी घरातली परीक्षा

रानात जाण्याची पात्रता वयाच्या आकड्यावरून ठरत नाही. ८० वर्षांची व्यक्ती सहज चालू शकते आणि ६५ वर्षांच्या व्यक्तीला थांबावे लागू शकते. घरच्या घरी तीन गोष्टी पाहाव्यात. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून सलग पाच वेळा उठता-बसता येते का? भिंतीजवळ उभे राहून, सोबत कोणी असताना, एका पायावर काही क्षण तोल सांभाळता येतो का? जिन्याचा एक मजला छातीत न दाटता चढता येतो का? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर सोप्या निसर्गवाटेचा विचार करण्यास हरकत नाही. एखादे उत्तर नकारार्थी असेल तर काही आठवडे घरी किंवा फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली पायांची तयारी करावी. तोवर रानाचा बेत पुढे ढकलावा, पण सोडून देऊ नये.

ज्यांना नुकताच हृदयविकाराचा त्रास झाला आहे, ज्यांच्या गुडघ्याची वा खुब्याची शस्त्रक्रिया अलीकडची आहे, ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही किंवा ज्यांना वारंवार चक्कर येते, त्यांनी डॉक्टरांच्या स्पष्ट अनुमतीशिवाय जाऊ नये. डॉक्टरांना ‘फिरायला जाऊ का?’ असा मोघम प्रश्न विचारू नये. ‘खडबडीत वाटेवर पाऊण तास चालायचे आहे, थोडा चढ-उतार आहे’ असे नेमके सांगावे, म्हणजे उत्तरही नेमके मिळते.

रक्तदाबाच्या काही औषधांमुळे लघवी जास्त होते आणि शरीरातील पाणी कमी होते. सकाळच्या गोळीची वेळ बदलावी का, हे डॉक्टरांनीच ठरवावे. आपल्या मनाने गोळी चुकवू नये. मधुमेही व्यक्तींनी उपाशीपोटी निघू नये आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. हाताला थरथर, घाम, गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर उतरल्याची चिन्हे असू शकतात. छातीतील वेदनेसाठी जिभेखाली ठेवायची गोळी ज्यांना दिलेली आहे, त्यांनी ती पिशवीच्या तळाशी न ठेवता वरच्या खिशात ठेवावी आणि सोबत्याला तिची जागा दाखवून ठेवावी.

चष्मा, पादत्राणे आणि काठी

पादत्राणांचा विचार सर्वजण करतात, चष्म्याचा मात्र क्वचितच. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग वाचनासाठी असतो. वाटेकडे पाहण्यासाठी नजर खाली नेली की नेमकी पाय ठेवायची जागा त्या भागातून अंधुक दिसते. दगडाची उंची चुकते आणि ठेच लागते. ज्यांना परवडेल त्यांनी केवळ दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा बाहेर फिरण्यासाठी ठेवावा. ते शक्य नसेल तर मान खाली झुकवून चष्म्याच्या वरच्या भागातून वाट पाहण्याची सवय करावी.

बूट टाचेला घट्ट धरणारे, खाचा असलेल्या तळव्याचे आणि आधी घरात वापरून सैलावलेले असावेत. चपला किंवा मागून उघडी पादत्राणे रानात नकोत. पायमोजे घोट्याच्या वर येणारे असले की काटे व कीटक यांपासून बचाव होतो. मधुमेहामुळे पायांची संवेदना मंदावली असेल तर परतल्यावर तळपाय आणि बोटांच्या बेचक्या अवश्य तपासाव्यात. खुपलेला खडाही कळलेला नसतो.

काठी हा दुबळेपणाचा पुरावा समजून अनेक ज्येष्ठ, विशेषतः पुरुष, ती टाळतात. डोंगरातले मेंढपाळ आणि तरुण गिर्यारोहकही काठी वापरतात, हे त्यांना आवर्जून सांगावे. सरळ उभे राहून हात मोकळा सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी, इतकी तिची उंची असावी. एक गुडघा दुखत असेल तर काठी विरुद्ध हातात धरावी. दुखरा पाय आणि काठी यांनी एकाच वेळी पुढे जावे. तळाला रबराची टोपी झिजलेली नाही ना, हे निघण्याआधी पाहावे.

वयाबरोबर तहानेची जाणीव कमी होते. त्यातच ‘मध्येच लघवीला लागले तर?’ या संकोचाने अनेक जण, आणि स्त्रिया तर विशेषच, पाणी प्यायचेच टाळतात. आत जाण्यापूर्वी स्वच्छतागृहाला जाऊन यावे, चालणे तासाच्या आत ठेवावे आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन घोट पाणी प्यावे. एवढ्याने ही अडचण बव्हंशी सुटते.

वाटेवरची चाल

रानात शिरताच चालू लागू नये, आधी थांबावे. वय वाढले की उजेडातून सावलीत गेल्यावर डोळ्यांना स्थिरावण्यास अधिक वेळ लागतो. मोतीबिंदू असेल तर आणखीच. बाहेरच्या लख्ख उन्हातून झाडांखाली आल्यावर मिनिटभर उभे राहावे. पानांमधून पडणारे उन्हाचे कवडसे जमिनीवरचे दगड आणि मुळे लपवतात, हे लक्षात ठेवून पावले लहान टाकावीत. चालताना पक्षी पाहू नये आणि पक्षी पाहताना चालू नये, हा नियम सर्वांनी पाळावा. वर पाहायचे असेल तर आधी दोन्ही पाय आणि काठी स्थिर करावी, मगच मान वर करावी. मानेच्या मणक्यांचा त्रास असलेल्यांनी मान फार मागे टाकू नये, बसून पाहावे.

वेग किती असावा? सोबत्याशी सलग बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग मध्यम समजावा. बोलताना वाक्य तुटू लागले की थांबावे. बसून झाल्यावर एकदम उठू नये. आधी पावले हलवावीत, मग उभे राहून क्षणभर स्थिर व्हावे, म्हणजे रक्तदाब अचानक उतरून चक्कर येण्याचा धोका कमी होतो.

थांबण्याने रान अधिक कळते. पाच मिनिटे शांत बसले की पक्षी आपले अस्तित्व विसरतात आणि आपापल्या कामाला लागतात. ज्येष्ठांना ऐकू कमी येते म्हणून पक्षीनिरीक्षण त्यांच्यासाठी नाही, असे कोणी समजू नये. वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. त्यामुळे शिंजिराची बारीक चिवचिव कदाचित निसटेल, पण भारद्वाजाचे घुमणारे ‘हुप हुप’, तांबटाची एका लयीतील ‘टुक टुक’ आणि सुतारपक्ष्याची खोडावरची टकटक कानी पडू शकते. नजर अधू असलेल्यांनाही शेपटीची दोन लांब पिसे मिरवत उडणारा भृंगराज किंवा पिवळाजर्द हळद्या सहसा चुकत नाही. हिवाळ्याच्या अखेरीस पांगारा लालभडक फुलतो आणि मधासाठी मैना, कोतवाल, बुलबुल त्यावर गर्दी करतात. अशा एका झाडाखाली अर्धा तास बसणे ही स्वतंत्र सहल मानावी.

परतीचा हिशेब

पायांना दम चढताना लागतो आणि इजा बहुधा उतरताना होते. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला लांबत लांबत शरीराचा भार पेलावा लागतो आणि गुडघ्यावरील ताण सपाट वाटेच्या कितीतरी पट होतो. त्यातच स्नायू थकलेले असतात आणि मन घरी पोचण्याच्या घाईत असते. म्हणून आपल्या शक्तीचे तीन भाग कल्पावेत. एक भाग जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक शिल्लक. पहिला भाग संपताच मागे फिरावे, मग पुढचे वळण कितीही मोह घालो.

पहिल्या खेपेस तर घड्याळ लावूनच जावे. वीस मिनिटे आत, वीस मिनिटे विश्रांती आणि सावकाश परत. दुसऱ्या दिवशी गुडघे सुजले नाहीत, थकवा एका रात्रीत ओसरला, तर पुढच्या वेळी पाच मिनिटे वाढवावीत. पायरीसारख्या दगडांवर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी, हे सूत्र पाठ करून ठेवावे. उतार तीव्र असेल तर किंचित आडवे होऊन एकेक पाऊल उतरावे.

छातीत दडपण, जबडा किंवा हातात कळ, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी किंवा विश्रांतीनेही न ओसरणारी धाप यांपैकी काहीही झाल्यास चालणे तिथेच थांबवावे, बसावे आणि मदत मागवावी. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. झाडीत मोबाईलची रेंज मिळेलच असे नाही, म्हणून दोनऐवजी तिघांनी जाणे उत्तम. एकाने जवळ थांबावे आणि दुसऱ्याने प्रवेशद्वाराकडे जाऊन वनकर्मचाऱ्यांना सांगावे.

सोबत करणाऱ्यासाठी

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ ७८ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी ते अंगणात पडले. हाड मोडले नाही, पण घरच्यांनी धसका घेतला आणि त्यांचे बाहेर जाणे जवळजवळ बंद झाले. वर्षभरात त्यांचे बोलणेही कमी झाले. अखेर सुनेने पुढाकार घेतला. आधी जिना, मग सोसायटीचे आवार, मग जवळची टेकडी, असे करत करत गेल्या पौषात आम्ही सारे कर्नाळ्याला गेलो. मुलगा सारखा त्यांचे मनगट पकडत होता आणि ते सारखे सोडवून घेत होते. शेवटी सून म्हणाली, “बाबा, तुम्हीच माझा हात धरा. मी तुम्हाला धरणार नाही.” त्यांनी तिच्या कोपराला हात लावला आणि पावलांची चाल तत्काळ बदलली. थोडे पुढे गेल्यावर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “अहो, पुरे आता. इथेच बसू.” ते हसून म्हणाले, “दमलीस ना? मग बसू की.” कोण कोणासाठी बसले, हे कोणी विचारले नाही.

या प्रसंगातील सुनेचे वागणे शास्त्राला धरून होते. मनगट धरून ओढल्याने ज्येष्ठ व्यक्तीचा स्वतःचा तोल बिघडतो. त्यांनी आपल्या कोपराचा आधार घ्यावा, म्हणजे सोडायचे केव्हा हेही त्यांच्या हाती राहते. सपाट वाटेवर त्यांच्या अशक्त बाजूने, अर्धे पाऊल मागे चालावे. उतारावर त्यांच्या पुढे, थोडे बाजूला आणि एक पायरी खाली राहावे. मागून अचानक बोलू नये. हाक ऐकून मान वळवताना तोल जातो. ‘चला, चला’ हा शब्द त्या दिवसापुरता घरी ठेवावा.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला नेताना खिशात नाव आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक असलेली चिठ्ठी ठेवावी आणि क्षणभरही त्यांना एकटे सोडू नये. त्यांना पक्ष्यांची माहिती विचारून त्यांची परीक्षा घेऊ नये. एखाद्या झाडाच्या सालीवर हात ठेवायला द्यावा, पान हुंगू द्यावे. अशा वेळी कोकणातले किंवा देशावरचे एखादे जुने गाव आपोआप बोलण्यात येते आणि तेवढ्यानेही चेहरा उजळतो.

आणि पडलेच तर? धावून जाऊन लगेच उचलू नये. कुठे दुखते ते विचारावे, खुबा व मनगट पाहावे. पाय टेकवता येत नसेल किंवा एक पाय आखूड, बाहेर वळल्यासारखा दिसत असेल तर न हलवता मदत मागवावी. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, तर वरकरणी सारे ठीक वाटले तरी रुग्णालयात दाखवावेच.

काळ, वेळ आणि काही सावधगिरी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वोत्तम. हवा कोरडी व थंड असते, वाट निसरडी नसते आणि स्थलांतरित पक्षीही आलेले असतात. पावसाळ्यातले रान देखणे असते, पण शेवाळलेल्या दगडांमुळे ज्येष्ठांनी त्या मोहापासून दूर राहावे. एप्रिल-मेमध्ये कोकणातला दमट उष्मा हृदयावर ताण आणतो. शक्यतो शनिवार-रविवार टाळून सकाळी लवकर जावे.

पनवेल-पेण मार्गावरील साध्या एस.टी. गाड्यांनी येथे जाता येते. एस.टी.मध्ये ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना मोफत आणि ६५ ते ७५ वयोगटाला अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. वयाचा पुरावा सोबत असावा. मात्र महामार्गावर वाहनांचा वेग मोठा असतो. रस्ता ओलांडावा लागल्यास तो या सहलीतील सर्वांत धोक्याचा भाग समजून पुरता वेळ घ्यावा.

माकडांना खाऊ दाखवू नये आणि खाण्याची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नये. कर्नाळ्याच्या सुळक्यावर मधमाश्यांची मोठी पोळी असतात. उग्र अत्तर, धूर आणि गोंगाट टाळणे हे सर्वांच्याच हिताचे आहे. वाटेकडेच्या वेलींना हात लावू नये, कारण खाजकुइलीच्या शेंगांची लव अंगाला लागली की अंगाची आग होते. प्लास्टिकचा कपटाही मागे ठेवू नये. ठरलेली वाट सोडून आत शिरू नये. अभयारण्यात आपण पाहुणे आहोत.

कर्नाळा ज्यांना लांब पडते त्यांनी आपल्या गावाजवळ असे रान शोधावे. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर, गोव्यातील अवघ्या ८ चौरस किलोमीटरचे बोंडला, पुण्याची वेताळ टेकडी ही सहज आठवणारी नावे. ओळखीची एखादी देवराईही चालेल. अट एकच : वाट लहान असावी आणि परत फिरणे सोपे असावे.

घरातील ज्येष्ठांना ‘तुम्ही नका येऊ’ असे सांगण्याआधी एकदा ‘किती अंतर जमेल?’ असे विचारून पाहावे. उत्तर कदाचित शंभर पावलांचे येईल. मग शंभर पावलांची सहल आखावी. कर्नाळ्याचा सुळका महामार्गावरूनही दिसतो आणि झाडाखालच्या बाकावरूनही. पण झाडाखालून पाहताना सोबत तांबटाचा आवाज असतो, आपल्या पायांनी तेथवर आल्याचे समाधान असते आणि शेजारी आपले माणूस बसलेले असते. येत्या हिवाळ्यात आपल्या घरातील आजी-आजोबांना हा योग लाभो.